गिनती बरोबर होती

सुकेशनी नववीत गेली आणि तिचा आवाज एकदम मोठा झाला. आठवीपर्यंत हजेरीला ती 'हजर' म्हणायची तेव्हा बाईंना दोनदा विचारावं लागायचं. मग यंदा पंधरा ऑगस्टला काय झालं, तर कवायतीचे हुकूम देणाऱ्या मुलीचा घसा ऐन वेळी बसला. सुदर्शन सरांनी रांगेत जी सगळ्यात उंच दिसली तिला दंडाला धरून पुढं उभं केलं, आणि सुकेशनीच्या तोंडून असा काही 'सावधान' निघाला की भिंतीवरची कबुतरं उडाली. फाटकाबाहेर हातगाडी लावून उभा असलेला भाजीवालासुद्धा म्हणे ताठ झाला!

तेव्हापासून शाळेत काहीही असलं की 'सुकेशनीला बोलवा'. आणि सुकेशनी? ती तर बोलावण्याच्या आधीच निम्म्या वाटेत असायची.

म्हणूनच डिसेंबरात तिसरीची सहल वेरूळला निघाली आणि सर म्हणाले, "प्रत्येक बारा लेकरांमागं नववीची एक ताई," तेव्हा तिचा हात सगळ्यात आधी वर गेला. सरांनी तिच्याकडं पाहिलं. "ही कवायत नाही, सुकेशनी. लहान लेकरं आहेत. तुझ्या भरवशावर देतोय." 'तुझ्या भरवशावर' हे दोन शब्द तिनं त्या आठवड्यात किती वेळा मनात घोळवले असतील ते तिचं तिलाच ठाऊक. जिला वर्षभरापूर्वी कुणी खडू आणायलासुद्धा पाठवत नव्हतं, तिच्या भरवशावर बारा जिवंत, उड्या मारणारी माणसं!

शनिवारी सकाळी गारखेड्यातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकच गडबड होती. आजी, सुगंधाबाई, धपाटे बांधून देत होती. वडील, रामप्रसाद, वाळूजच्या कंपनीची गाडी गाठायची म्हणून एका पायात बूट घालून दुसरा शोधत होते. आणि आबा, म्हणजे आजोबा सोनाजी, गॅलरीत उभे राहून खालची माणसं बघत होते. आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. देवगाव रंगारीच्या अलीकडं-पलीकडं, कन्नडच्या डोंगरापर्यंत. शहरात येऊन नऊ वर्षं झाली, पण नजर तीच. खालून जाणारा माणूस पाठमोरा असला तरी आबा सांगायचे, "ह्यो दुसऱ्या मजल्यावरला. उजवा पाय जरा फेकून टाकतो."

"किती लेकरं हायेत तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"नावं काय त्यांची?"

"आबा, नावं कुठं पाठ करत बसू? नंबर दिलेत मी. एक ते बारा. मी 'गिनती कर' म्हटलं की धडाधड आवाज येतात. सात सेकंद लागतात फक्त. काल घड्याळ लावून बघितलं."

आबा गॅलरीतून आत आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मोजून नेऊ नको, पोरी. वळखून ने."

"झालं यांचं सुरू," आजी धपाट्यांच्या डब्याचं झाकण दाबत म्हणाली.

हे वाक्य या घरात कुणाला नवं नव्हतं. आत्याच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तेव्हा आबांनी तिला हेच सांगितलं होतं: सासरी माणसं किती ते मोजू नको, कोण कसं ते वळख. रामप्रसाद सुपरवायझर झाले तेव्हा त्यांनाही हेच. शेजाऱ्यांनी गच्चीवर गुलाबाची रोपं लावली, त्यांनाही. एकदा तर लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्याच्या हातातल्या स्क्रूंबद्दल! तो बिचारा 'हो काका' म्हणाला आणि जिन्यानं निघून गेला.

"हसू नकोस," रामप्रसाद दुसरा बूट सापडल्याच्या आनंदात म्हणाले. "साठ माणसं आहेत माझ्या हाताखाली. कुणाची पोरगी बारावीला आहे, कुणाला धुळीचा त्रास होतो, सगळं ठाऊक असतं मला. त्या एका वाक्यावर माझी वीस वर्षं निघाली."

"पण बाबा, ती मेंढरं नाहीयेत!"

"तेच म्हणतो म्या," आबा म्हणाले. "मेंढरालासुदिक वळखावं लागतं. ही तर लेकरं हायेत."

"बरं बरं," म्हणत सुकेशनीनं दप्तर पाठीला लावलं आणि जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरून ती पसार झाली.

सहलीची गाडी लाल एसटी. चालक काकासाहेब, मिशीवाले, आणि त्यांना हॉर्न वाजवायची भारी हौस. छत्तीस लेकरांच्या डोक्यावर छत्तीस पिवळ्या टोप्या. सरांनी त्या गुलमंडीवरून ठोक आणल्या होत्या, लांबून दिसाव्यात म्हणून. दौलताबादचा घाट चढेपर्यंत गाडीत तीन गाणी, दोन भांडणं आणि एक उलटी झाली. सुकेशनीनं सगळं सांभाळलं. खुलताबादला चहाला थांबले, 'गिनती कर!' एक-दोन-तीन-चार… बारा. वेरूळला उतरले, 'गिनती कर!' बारा. तिचा एक नियमही होता: रांगेत आपला नंबर सोडून दुसरं अक्षर बोलायचं नाही. लेकरांना ते भलतंच आवडलं होतं. सैन्यात असल्यासारखं वाटायचं.

"काय लावलंय गं, तुरुंग आहे का?" दुसऱ्या गटाची ताई राजनंदिनी म्हणाली. ती सुकेशनीची बाकावरची मैत्रीण, आणि तिच्या गटातली बारा लेकरं बारा दिशांना होती.

"तुझे किती आहेत आत्ता?"

"असतील ना यार, दहा-बारा," राजनंदिनी म्हणाली आणि दोघांच्या कॉलर पकडायला धावली.

कैलास लेण्यात लेकरं हत्तींच्या रांगेपाशी अर्धा तास हलेनात. मग सगळी वरात दहा नंबरच्या लेण्यात गेली. आत अंधारलेलं, उंच कमानीचं दालन, आणि काहीही बोललं की आवाज घुमून परत येणार. तिथं आधीच एक शाळा आलेली होती. देवगाव रंगारीच्या पलीकडच्या कुठल्याशा वस्तीवरची. त्यांच्याही डोक्यावर पिवळ्या टोप्या! गुलमंडीवरच्या त्या दुकानदाराचा धंदा त्या महिन्यात जोरात झाला असणार. मग काय विचारता? इकडून 'ओ' तिकडून 'ओ', दोन्ही शाळा एकमेकींत मिसळून नुसत्या ओरडत सुटल्या. सुकेशनीही ओरडली. तिचा 'ओ' सगळ्यात जास्त वेळ घुमला, खोटं कशाला सांगा.

बाहेर आल्यावर तिनं रांग लावली. "गिनती कर!"

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. सहा सेकंद!

"शाब्बास," सुदर्शन सर जाता जाता म्हणाले. सुकेशनीला वाटलं, आता आपण या डोंगराहून उंच झालो.

बागेत झाडाखाली सगळे जेवायला बसले. सुकेशनीचे बारा गोल करून बसले, डबे उघडले. एकच जण हात बांधून बसला होता, आणि आपल्या शेजारणीच्या डब्यातल्या लाडवाकडे फार प्रेमानं बघत होता.

"अरे, तुझा डबा?"

"माझा न्हाई डबा. आमचं जेवन देवळापाशी हाय. मॅडमनी सांगितलंय. जिलबी बी हाय."

"आमचं म्हणजे? कुठल्या मॅडम?"

"आमच्या. दीपमाला मॅडम."

सुकेशनीच्या हातातला धपाटा हातातच राहिला. तिनं खाली वाकून त्याच्या टोपीखाली बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच. गोल चेहरा, हनुवटीवर तीळ, कधीच न पाहिलेला.

"तू कोण रे?"

"ऋतुराज."

"तू आमच्या रांगेत कसा आलास?"

"तिकडं अंधारात तुम्ही लई भारी वरडलात," ऋतुराज मनापासून म्हणाला. "म्हणून म्या तुमच्या मागं आलो. मग सगळे रांगेत हुबे राहिले, म्या बी राहिलो. ही सहा म्हणली, म्हणून म्या सात म्हणलो. आमच्या शाळेत बी आसंच आसतंय."

'ही' म्हणजे सहा नंबर, अपेक्षा नावाची दोन वेण्यांची मुलगी. ती लाडू खात शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं हा आपला नाहीये."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना ताई, नंबर सोडून अक्षर बोलायचं नाही."

खरा सात नंबर कुठं होता?

सुकेशनीच्या कानात एकदम सूं झालं. बागेच्या पलीकडं रस्ता, रस्त्यावर गाड्या, माकडं, गाइड, पेरूवाले, हजार माणसं. राजनंदिनीला कळलं तेव्हा तिनं आधी डोक्यावर हात मारला, मग लगेच कानाशी कुजबुजली, "सरांना नको सांगू. देऊळ इथं किलोमीटरभर आहे. आपण पळत जाऊ, तो तिकडंच असणार, बदली करून आणू. तोपर्यंत कुणी मोजलं तरी काय? बाराच भरतायत ना तुझे!"

हो की. बाराच भरत होते. आख्खा दिवस कुणालाही कळलं नसतं. पण तो तिकडं नसेल तर? रस्त्यावर एकटा असेल तर? सुकेशनीनं एकदा ऋतुराजकडं पाहिलं, तो आता अपेक्षानं दिलेला अर्धा लाडू खात होता, आणि ती उठून सरळ सरांपुढं जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. पण तिचा तो मैदानभर वाजणारा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. सरांना दोनदा 'काय?' म्हणावं लागलं.

सर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढला. "कोण आहे? नाव?"

"सर, सुयश." यादीत होतं म्हणून तेवढं तरी आठवलं.

"दिसतो कसा?"

"सर… पिवळी टोपी…"

सरांनी बागेवरून नजर फिरवली. पिवळ्या टोप्यांचा नुसता मळा फुलला होता.

"आणखी काही?"

"सर, सातवा आहे," सुकेशनी म्हणाली. सकाळपासून चार वेळा ती त्याच्यासमोर उभी राहिली होती. चारही वेळा तिनं नुसता 'सात' ऐकला होता. मुलगा बघितलाच नव्हता.

मग ती धावत आपल्या गोलाकडं गेली आणि गुडघ्यावर बसली. "ऐका. आता सगळ्यांनी बोलायचं. सगळ्यांनी! सुयश कसा आहे?"

जसा काही नळच सुटला!

"त्याचा पुढचा दात पडलाय!"

"माझा पण पडलाय!"

"तो हत्तींशी बोलत होता, ताई. त्यांना विचारत होता, पाय दुखत नाहीत का म्हणून."

"त्याला वांगं आवडत नाही!"

"तो बसला ना, की डावा बूट काढतो आणि त्या बुटावरच बसतो. वर्गात पण. बाई रागावतात तरी बसतो."

"तो माझा बेस्ट फ्रेंड आहे," अपेक्षा म्हणाली, "पण आज कट्टी आहे."

सर तोवर गाडीकडं निघाले होते. राजनंदिनी म्हणाली, "जा तू, तुझे मी बघते," आणि काय आश्चर्य, दोन्ही गट मिळून बावीसच्या बावीस लेकरं तिच्याभोवती गुपचूप बसली. काकासाहेबांनी सर, सुकेशनी, ऋतुराज आणि 'मी पण येणार' म्हणून दारातच ठाण मांडलेली अपेक्षा, असे चौघे घेऊन एसटी अशी हाणली की घृष्णेश्वराच्या वाटेवरचे पेरूवाले टोपल्या उचलून बाजूला झाले. "घाबरू नको बेटा," ते आरशातून सुकेशनीला म्हणाले. "लेकरू कुठं जात नाही. लेकरू जिलबीपाशी घावतंय."

देवळाजवळच्या मोकळ्या जागेत सतरंज्यांवर लांब पंगत बसली होती. सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडं, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. वाढणाऱ्या मॅडमना सर म्हणाले, "नमस्कार, आमचा एक विद्यार्थी चुकून तुमच्यात…"

"छे हो सर!" दीपमाला मॅडम हसल्या. "आमची चाळीसच्या चाळीस आहेत. मी स्वतः मोजलीत. दोनदा!"

"मॅडम," सरांच्या मागून ऋतुराजनं डोकं बाहेर काढलं, "म्या हितं हाय."

मॅडमनी हातातली जिलबीची परात खाली ठेवली आणि स्वतःही तिच्याशेजारी खाली बसल्या.

"सुयश! सुयश कोण आहे?" सरांनी हाक मारली. पण चाळीस तोंडं एका वेळी जेवत आणि बोलत असली की कुणाची हाक कुणाला ऐकू जाणार? सुकेशनी पंगतीच्या मागून चालू लागली. पाठ, पाठ, पाठ. पिवळी, पिवळी, पिवळी. कोण मांडी घालून, कोण उकिडवं, कोण शेजाऱ्याच्या अंगावर रेललेलं. आयुष्यात तिनं एवढं नीट कधी कुणाकडं पाहिलं नव्हतं. आणि शेवटून पाचव्या पाठीशी तिला दिसलं: पांढरा मोजा, आणि त्याच्या मालकाच्या बुडाखालून डोकावणारं बुटाचं टोक.

"सुयश?"

पुढचा दात नसलेलं, पाकात माखलेलं तोंड वळलं. "ताई, तू पण आलीस? ये ना, बस. इथं जिलबी आहे."

सुकेशनी बसली. बसली कसली, कोसळली! तिनं त्याला एवढं घट्ट धरलं की तिच्या गणवेशावर जिलबीचा पाक लागला. हसतेय की रडतेय हे तिलाच कळेना. "तुला कळलं नाही का रे, हे आपले नाहीत?"

"कळलं की," सुयश म्हणाला. "पण त्या मॅडम म्हणाल्या, चला चला बसा. मोठ्यांचं ऐकावं लागतं ना."

अपेक्षा कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. "बट्टी," ती म्हणाली, आणि त्याच्या पत्रावळीतली जिलबी उचलली.

मग दीपमाला मॅडम हसू लागल्या, सर हसू लागले, आणि कुणी ऐकेचना म्हणून काकासाहेबांनाही दोन जिलब्या घ्याव्या लागल्या. परत निघताना ऋतुराज पंगतीच्या टोकापर्यंत सोडायला आला आणि सुकेशनीला म्हणाला, "ताई, जाता जाता एकदा वरडा की!" ती ओरडली. देवळापुढच्या गाई माना वर करून बघायला लागल्या.

संध्याकाळी गाडी सुटायच्या आधी सर म्हणाले, "घ्या गिनती." सुकेशनीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि ती गाडीत चढून एकेका आसनापाशी थांबत गेली. हा गाडी लागणारा, याला खिडकी द्यायची. ही मेघा, हिला सारखी शू लागते. हे दोघे शेजारी बसले की मारामारी. सात सेकंदांच्या जागी दहा मिनिटं लागली. काकासाहेबांनी तीनदा हॉर्न वाजवला.  सर फक्त म्हणाले, "सुयशच्या आईला तू स्वतः सांगायचंस."

ते तर वेरूळच्या सगळ्या पायऱ्यांहून अवघड होतं. पण शाळेच्या फाटकाशी तिनं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. त्या बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यांनी सुयशला जवळ ओढलं, मग विचारलं, "जेवलास का रे मग?"

"दोनदा," सुयश म्हणाला.

बाईंना हसू आवरलं नाही. सर जवळच उभे होते. "फेब्रुवारीत पहिलीची लेकरं बागेत न्यायचीत," ते सुकेशनीला म्हणाले. "नावांची यादी सोमवारी घेऊन जा माझ्याकडून. लवकर घे. पाठ करायला वेळ लागतो."

घरी पोचली तेव्हा सगळे चहाला बसले होते. सुकेशनीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आवाज काढून, हातवारे करून. सात म्हणणारा ऋतुराज, परातीशेजारी बसलेल्या मॅडम, बुटाचं टोक. रामप्रसादांना ठसका लागला. आबा मात्र गालात हसत चहा फुंकत होते.

"म्हणा ना आता, 'सांगितलं होतं' म्हणून," ती म्हणाली.

"म्या कशाला म्हणू? माझं बी आसंच झालतं." आबांनी कपबशी खाली ठेवली. "इशीतला आसन म्या. एका हिरीवर दोन कळप पाण्याला आले, मिसळले. म्या मोजली, सत्तर. घरी आणली, सत्तर. वाड्यात कोंडताना बघतो तर एक मेंढी आपली न्हाईच! कानावर काळा ठिपका. दुसऱ्या दिवशी चार कोस चालत गेलो ती परत द्यायला. तिथं वाड्यावर ही हुबी." त्यांनी आजीकडं हनुवटी केली. "आन् मला म्हणली, 'नुसतं मोजू नये, वळखावं.' तेवढं ऐकलं आन् म्या आजवर धरून ठिवलं. लेकीला दिलं, लेकाला दिलं, तुला दिलं."

"म्हणजे हे आजीचं आहे?" सुकेशनी किंचाळलीच. "आजी! तू कधी बोलली नाहीस!"

"काय बोलू?" सुगंधाबाई चहात खारी बुडवत म्हणाली. "म्या आसं कायबी म्हणलं नव्हतं. म्या म्हणलं व्हतं, 'आंधळा हायस का रं?'"

"तेच की!" आबा म्हणाले. "मतलब येकच."

"आन् दुसरं सांगू का?" आजीनं खारीचा मऊ झालेला तुकडा सावकाश खाल्ला, पदरानं ओठ टिपले. तिच्या डोळ्यांत असलं काही चमकत होतं की रामप्रसादांनी कप हवेतच थांबवला. "ती मेंढी आमची नव्हतीच. आमच्या पल्याडल्या वाड्याची व्हती. म्या बघितल्याबरुबर वळखली."

"मग घेतली कामून?" आबा आ वासून म्हणाले.

"तुम्ही चांगले दिसले म्हणून," आजी म्हणाली. "म्हणलं, मेंढी चुकीची हाय हे चार दिसानं सांगावं. म्हंजे न्यायला परत यावं लागंल."